जुन्या पत्त्यावरची बोट

फोन वाजला तेव्हा ती खिडकीशी उभी राहून चहात बिस्किट बुडवत होती. दचकून हात हलला आणि बिस्किट चहाच्या तळाशी गेलं.

"बोट बुडाली का हो?" पलीकडून एक म्हातारा पण खणखणीत आवाज आला.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. नदीवर धुकं उतरलं होतं, आणि त्या धुक्यातून दुपारची फेरीबोट संथपणे पलीकडच्या काठाला निघाली होती. बुडण्याचा काही विचार दिसत नव्हता तिचा.

"कुठली बोट, आजोबा?"

"कुठली काय विचारता? आपलीच! नदीच्या मधोमध थांबलीय. मघापासून तसूभर हललेली नाही. इंजिन गेलं असेल तर तसं सांगा, बुडाली असेल तर तसं सांगा. माणसाला असं टांगून ठेवू नये."

"अहो, पण मला दिसतेय ना इथून… छान चाललीय."

"तुमची चालली असेल. माझी थांबलीय."

ती काही बोलणार तोच पलीकडे थोडी ओढाताण झाली— "आजोबा, द्या ना इकडे… अहो, द्या" —आणि मग दुसराच एक आवाज कानाशी आला. तरुण. जरासा ओशाळलेला.

"माफ करा हं. आजोबांनी तुमचा नंबर कुठून काढला देव जाणे. तुम्ही कामात असाल."

"थांबा, ठेवू नका," ती घाईने म्हणाली. कारण तिच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडत होता. "एक विचारू? तुमच्याकडे एखादं यंत्र आहे का… जे दिवसभर आमच्या सर्व्हरला विचारत असतं, बोट कुठे आहे, बोट कुठे आहे?"

पलीकडून टिकटिक ऐकू येत होती. एका घड्याळाची नाही, खूप घड्याळांची, एकमेकांच्या पायात पाय घालणारी.

"आहे," तो शेवटी म्हणाला. "गुन्हा आहे का तो?"

"गुन्हा नाही. पण तुम्ही शेवटचे आहात."

"कसला शेवटचा?"

"जुन्या पत्त्यावरचे. बाकीचे सगळे केव्हाच नव्या पत्त्यावर गेले."

"बाप रे," तो म्हणाला. "ऐकूनच एकटं वाटायला लागलं."

तिला हसू आलं. असं कामाच्या फोनवर हसायची तिला सवय नव्हती.

तिचं काम तसं हसण्यासारखं नव्हतंच. फेरीबोट खात्याची एक वेब सेवा होती. कुणीही तिला विचारावं, बोट कुठवर आली, आणि तिने उत्तर द्यावं. बस कंपनीचा फलक तिला विचारायचा, पलीकडच्या काठावरचं इस्पितळ विचारायचं, शाळा विचारायच्या. सेवा चालत होती, पण ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, ती उभी होती ते पार जुनं झालं होतं. ते बनवणाऱ्यांनी त्याची डागडुजीसुद्धा सोडून दिली होती. म्हणून खात्याने हिला बोलावलं. तिने सगळा कोड नव्या फ्रेमवर्कवर आणला, नवा पत्ता उघडला, आणि एकेका गिऱ्हाईकाला हाताला धरून तिकडे नेऊन सोडलं. उरलं होतं एकच. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कुणीतरी जुन्या दारावर टकटक करत होतं. नाव नाही, गाव नाही. शेवटी वैतागून तिने आज दुपारी जुनी सेवा थोडा वेळ बंद केली होती… कोण ओरडतं ते बघावं म्हणून.

आणि ओरडले ते आजोबा.

तिने एका हाताने जुनी सेवा परत सुरू केली. "आता बघा."

"हलली!" मागून आजोबांचा आवाज आला. "हलली रे, हलली!"

"हलली," तो म्हणाला. "आमच्या कप्तानांच्या जिवात जीव आला. आभारी आहे… आणि तुमचा चहा गार झाला असेल, तो घ्या."

"तुम्हाला काय माहीत मी चहा घेतेय?"

"बशी वाजली ना मघाशी."

फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ खिडकीशीच उभी राहिली. बोट धुक्यात शिरली, दिसेनाशी झाली, आणि तरी ती बघतच होती.

*

फोनच्या नंबरावरून तिने दुकान शोधून काढलं, त्या शेवटच्या गिऱ्हाईकाला नव्या पत्त्यावर न्यायला. ते बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दारावर पाटी नव्हती, नुसतं एक मोठं घड्याळ टांगलेलं. आत भिंतभर घड्याळं होती आणि प्रत्येकाची वेळ निराळी. एकात सकाळ, शेजारच्यात संध्याकाळ. मधोमध टेबलाशी एक तरुण वाकून बसला होता. कपाळावर भिंग, हातात चिमटा, आणि चिमट्यात काहीतरी इतकं बारीक की ते आहे की नाही असं वाटावं.

"यातलं बरोबर कुठलं?" तिने दारातूनच विचारलं.

त्याने वर पाहिलं. आवाज त्याने ओळखला, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"एकही नाही," तो म्हणाला. "बरोबर झालेली आपापल्या घरी गेली. इथे राहिलीत ती सगळी चुकणारी."

"मग तुम्ही वेळ कशी बघता?"

"बघत नाही. भूक लागली की जेवतो." आणि मग घाईने उठत, "बसा ना… म्हणजे, कशावर बसाल… थांबा."

त्याने एका खुर्चीवरचं भिंतीचं घड्याळ उचललं, दुसऱ्या खुर्चीवर ठेवलं, मग तिथलं उचललं आणि ते कुठे ठेवावं ते न सुचून तसंच छातीशी धरून उभा राहिला. ती गालातल्या गालात हसली.

दुकानाच्या मागच्या खोलीत आजोबा होते. सगळी हयात त्यांनी नदीवर काढली होती. याच फेरीबोटीचे कप्तान होते ते. आता गुडघे साथ देत नव्हते. तरी निवृत्तीनंतर कितीतरी वर्षं ते खिडकीत बसून बोटीवर नजर ठेवून होते. मग समोर कुणाचंतरी चार मजली गोदाम उभं राहिलं आणि खिडकीतली नदी गेली. आजोबांनी तक्रार केली नाही. फक्त बोलणं कमी केलं. ते नातवाला सहन झालं नाही.

म्हणून त्याने ती फळी केली होती. लाकडाची, हातभर रुंद. तिच्यावर निळ्या रंगात नदी, दोन्ही काठ, धक्के, बाजार, टेकडी, आणि नदीवर अंगठ्याएवढी एक बोट. फळीमागे घड्याळाची दातेरी चक्रं, दोन दोऱ्या आणि एक लोहचुंबक. आणि या सगळ्याला 'आता इकडे, आता तिकडे' असं सांगणारा एक छोटासा काँप्युटर. खरी बोट जिथे, तिथे ही.

ती फळीसमोर उभी राहिली. बोट हलताना दिसत नव्हती. पण नजर काढून परत बघितलं की थोडी पुढे गेलेली असायची.

"सुरेख आहे," ती म्हणाली, आणि मग तिला वाटलं, आपण फारच हळू बोललो.

"जरा उजवीकडे घेते ती वळणावर," आजोबा म्हणाले. "हा नवा कप्तान घाबरट आहे. पण तुम्ही कोण?"

"मी… त्या दिवशी बोट बुडवली होती ना, ती मी."

आजोबा खळखळून हसले. तिला बसायला सांगितलं. मग नातवाकडे बघून भुवई उडवली, तशी त्याने दुसरीकडेच पाहिलं.

तिने त्याचा प्रोग्रॅम उघडला. तो शेजारी उभा. दोघांच्या मध्ये घड्याळाच्या तेलाचा मंद वास.

"हे कुणी लिहिलंय?"

"का? फार वाईट आहे?"

"वाईट नाही…" ती एकेक ओळ खाली सरकवत म्हणाली. "पण हा माणूस प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतो. एकदा विचारतो, बोट कुठे आहे? उत्तर येतं. मग पुन्हा विचारतो, नक्की ना?"

"पहिल्या उत्तरावर विश्वास बसत नाही त्याचा."

"प्रोग्रॅमचा, की माणसाचा?"

"प्रोग्रॅम माणसानेच लिहिलाय," तो म्हणाला. "जिकडून तिकडून उचलून, शिकून शिकून. चालला त्या दिवशी मीच दचकलो होतो."

मग ती त्याला समजावत बसली. खरं तर काम करून निघून जायचं, पण समजावत बसली. जुन्या सेवेचं उत्तर म्हणजे पाकिटात पाकीट, त्याच्या आत आणखी एक पाकीट, आणि सगळ्यात आत नुसते दोन आकडे. बोट किती वर, किती आडवी. नवी सेवा पाकिटांच्या भानगडीत पडत नाही. सरळ आकडे हातात देते.

"मग त्या पाकिटांचं काय?"

"गेली."

"बिचारी." तो खरंच हळहळला. "उघडायला मजा यायची."

तिची बोटं कळांवर थांबली. जुन्या कोडसाठी हळहळणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. सगळीकडे तिला लोक विचारायचे ते एवढंच… कधी संपणार?

*

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"पोरी," आजोबा गंभीरपणे म्हणाले, "बोट बाजारात शिरलीय."

"काय?"

"धक्का सोडून वर आली. भाजीबाजारातून सरळ टेकडीवर निघालीय. मी एवढी वर्षं बोट चालवली, पण टेकडीवर कधी नेली नाही."

तिने जीभ चावली. जुन्या सेवेत आधी उत्तर-दक्षिणेचा आकडा यायचा आणि मग पूर्व-पश्चिमेचा. नव्या सेवेत नेमकं उलटं. हे तिला माहीत नव्हतं असं नाही, नवी सेवा तिनेच तर लिहिली होती! बस कंपनीच्या वेळी नाही चुकली, इस्पितळाच्या वेळी नाही चुकली. इथेच चुकली, आणि का चुकली तेही तिला ठाऊक होतं. नेमकी ती ओळ लिहिताना त्याने वाकून विचारलं होतं, "साखर किती?" …पण हे काही साहेबांना सांगण्यासारखं कारण नव्हतं.

ती संध्याकाळी पुन्हा गेली. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. त्याने दार उघडलं आणि काही न बोलता कोरडा पंचा पुढे केला.

"बोट टेकडीवर चढवली मी," ती केस पुसत म्हणाली. "हसा आता."

"हसत नाहीये."

"डोळे हसताहेत."

"ते माझं ऐकत नाहीत," तो म्हणाला.

दुरुस्ती क्षणाची होती. दोन आकड्यांची अदलाबदल. बोट टेकडीवरून उतरली, बाजार ओलांडून पाण्यात आली, आणि आजोबांनी हाताने सलाम केला. पण पावसाचं निमित्त झालं, मग चहाचं निमित्त झालं. त्याने तिला भिंग लावून घड्याळाच्या पोटातलं चक्र दाखवलं. भिंगातून तिला आधी चक्र दिसलं, मग त्याचं बोट. अंगठ्याजवळ एक जुना व्रण. ती जरा जास्तच वेळ भिंगातून बघत राहिली.

इथलं काम असेपर्यंत ती मावशीकडे राहत होती. घरी गेल्यावर मावशीने दारातच तिची बाही धरली. मावशीचं औषधाचं दुकान होतं आणि तिच्या नाकातून काही सुटत नसे.

"हे कसलं तेल गं?"

"घड्याळाचं."

"तुझं घड्याळ बिघडलंय?"

"नाही."

"मग?"

"कामासाठी गेले होते."

"हं," मावशी म्हणाली. त्या एका 'हं'मध्ये तिने पुढचं सगळं प्रकरण वाचून काढलं होतं.

*

पुढच्या आठवड्यात बोट पुन्हा थांबली. या वेळी फोन आजोबांचा नव्हता, त्याचा होता. आवाज फारच सरळ होता. इतका सरळ, की तिला शंका आली.

"अचानक थांबली," तो म्हणाला. "काही कळतच नाही हो."

ती गेली. आजोबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. झोपलेला माणूस इतका ताठ बसत नाही, पण तिने तिकडे कानाडोळा केला. प्रोग्रॅम उघडला. खाली सरकवत गेली… आणि थांबली.

एक ओळ नव्हती. बरोबर एकच. जिथून नव्या पत्त्याला हाक जायची, तीच. बाकी सगळं जिथल्या तिथे.

"इथे एक ओळ होती," ती म्हणाली.

"असं?"

"कुठे गेली?"

"जुनी इमारत आहे," तो भिंतीवरच्या घड्याळांकडे बघत म्हणाला. "उंदीर फार आहेत."

"उंदरांनी बरोबर शोधून खाल्ली."

"हुशार आहेत."

तिने खुर्ची वळवली. तो अगदी समोर होता. कपाळावर भिंग, कानाच्या पाळ्या लाल.

"तू पुसलीस."

शब्द तोंडातून निघाला आणि दोघांनाही ऐकू आला. 'तू.' आजवर दोघांत 'तुम्ही'चं कुंपण होतं, त्याचं फाटक असं एकदम उघडलं. आजोबांच्या खुर्चीतून एक खोटं घोरणं आलं.

"हो," तो म्हणाला. "राग आला… तुला?"

"आला ना." ती पुन्हा पडद्याकडे वळली, कारण चेहरा कुठे ठेवावा ते तिला कळेना. "पुसायचंच होतं तर दहा-बारा ओळी तरी पुसायच्या! एक ओळ लिहायला कितीसा वेळ लागतो?"

तो हसला नाही. नुसता खुर्ची ओढून शेजारी बसला. तिने ती एक ओळ लिहायला घेतली… आणि इतक्या सावकाश लिहिली, की ऑफिसात कुणी पाहिलं असतं तर तिला आजारी समजून घरी पाठवलं असतं. अक्षरागणिक थांबत. मध्येच विचारत, "घड्याळं दुरुस्त करायला कुणी शिकवलं?" मध्येच सांगत, की ऑफिसात तिला सगळे 'पाडकाम खातं' म्हणतात. जुनं पाडायचं, नवं उभं करायचं आणि पुढच्या गावाला जायचं. काम चांगलं झालं तर कुणाला कळतसुद्धा नाही, की ती येऊन गेली.

"म्हणजे तू केलेलं काम नंतर कसं चाललंय, हे तुला कळतच नाही?"

"नाही."

"मला चैन पडणार नाही," तो म्हणाला. "माझं घड्याळ ज्या घरात जातं, त्या घरावरून मी अधूनमधून मुद्दाम चालत जातो. ठोके ऐकायला."

बाहेर दिवे लागत होते. फळीवरची बोट वळण घेत होती, जरा उजवीकडून. दोघं बघत राहिले. त्याच्या हाताची पाठ तिच्या हाताच्या पाठीला लागली होती, आणि कुणीच हात काढून घेत नव्हतं.

"आता पुसू नकोस पण," ती शेवटी म्हणाली. "महिनाअखेरीला जुनी सेवा कायमची बंद होणार आहे. मला दुसरीकडचं काम आलंय, मोठ्या शहरात. तू बोट थांबवलीस तर यायला मी नसेन."

हात हलला नाही. पण त्यातली ऊब कुठेतरी गेली.

"जाताय," तो म्हणाला.

*

'जाताय.' तो एक शब्द तिच्या डोक्यातून जाईना. उघडलेलं फाटक त्याने इतक्या हळूच लावून घेतलं होतं, की कडीचा आवाजही झाला नाही. दिवस गेले. फोन आला नाही. बोट व्यवस्थित चालत असणार. तिने कामच तसं केलं होतं, चोख.

एका सकाळी साहेब तिच्या टेबलाशी आले. चष्मा कपाळावर ढकलून पडद्यात डोकावले. मोठा भला माणूस, पण सर्व्हर उगाच चालू राहिलेला त्यांना सहन व्हायचा नाही.

"जुन्या सेवेला आता कोण विचारतं?"

"कुणी नाही."

"तो शेवटचा होता ना, बोटवाला?"

"तो पण गेला. केव्हाच."

"मग ही चालू कशासाठी?"

त्याने एक ओळ पुसली म्हणून तिने त्याला धारेवर धरलं होतं. आणि आपण? आपण अख्खी सेवा चालू ठेवली होती… कुणी येणार नाही अशा दाराशी दिवा लावून.

"आज बंद करते," ती म्हणाली.

"करा." साहेब जाता जाता थांबले. "आणि मी मागे विचारलं होतं त्याचं काय? नवी सेवा सांभाळायला मला कायमचं माणूस हवंय. तुम्ही दुसरीकडे हो म्हणाल, त्याआधी एकदा विचार करा."

मागे त्यांनी विचारलं तेव्हा तिने हसून विषय टाळला होता. थांबणं तिला जमत नसे. नवीन कोडमध्ये चुका असतातच. त्या सहा महिन्यांनी वर येतात, वर्षाने वर येतात, आणि तोवर ती कुठल्यातरी तिसऱ्याच गावात असायची. लोक म्हणायचे, तुझं काम किती स्वच्छ! तिला मनातून ठाऊक होतं, की स्वच्छ वगैरे काही नाही. धूळ बसायच्या आधी आपण निघालेलो असतो.

तिने जुनी सेवा बंद केली. एक आज्ञा, एक कळ. इतक्या वर्षांचं दार बंद झालं.

मग ती फोनकडे बघत बसली. वाजेल असं नव्हतंच. तरी वाटत होतं… वाजावा. चहा आला, गार झाला. खिडकीबाहेर धुकं विरळ होत गेलं आणि नदीवर ऊन आलं. फोन आपला गप्प.

त्या गप्प फोनकडे बघता बघता तिला कसं कोण जाणे, एकदम हलकं वाटलं. बोट चालली होती. आत्ता, या क्षणी, त्या मागच्या खोलीत तिचं काम चालू होतं. आणि उद्या बिघडलं तर? तर ते बघायला आपण असावं, एवढं साधं होतं ते. तो होता म्हणून वाटत होतं का? हो, तो होता म्हणूनही. पण नुसतं तेवढंच नव्हतं. तिला एकदा तरी स्वतःच्या चुकांना तोंड द्यायचं होतं.

ती उठली आणि साहेबांच्या खोलीत गेली.

"मी राहते," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा खाली घेतला. "एकाएकी?"

"माझ्या चुका मला कधी भेटल्याच नाहीत, साहेब. त्या यायच्या आधीच मी निघालेली असते."

"इथे भेटतील," साहेब खूश होऊन म्हणाले. "भरपूर भेटतील."

ती परत टेबलाशी येते न येते तोच खालून वॉचमनचा फोन. "मॅडम, एक जण आलाय. काय काम आहे विचारलं तर काम काही नाही म्हणतो. काय करू, सोडू का वर?"

"नको," ती म्हणाली. "मीच येते."

*

तो जिन्याच्या तळाशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, आणि कपाळावर भिंग तसंच. काढायचं विसरला होता. दुकानाबाहेर तिने त्याला कधी पाहिलंच नव्हतं. उजेडात तो वेगळा दिसत होता… जास्त खरा.

"बोट थांबली?" तिने विचारलं.

"नाही. छान चाललीय."

"आजोबा?"

"छान आहेत. त्यांनीच हाकललं मला. म्हणाले, दिवसभर तुझा उसासा ऐकण्यापेक्षा मी गोदामाची भिंत बघत बसेन."

ती दोन पायऱ्या वर उभी होती. खाली आली नाही. वॉचमन रजिस्टरात डोकं घालून कान टवकारून बसला होता.

"सकाळी पुसणार होतो," तो म्हणाला. "ती ओळ. हात कळेवर ठेवलाही होता. मग म्हटलं, किती दिवस बोट अडवून तुम्हाला… तुला बोलवायचं? आणि तू गेल्यावर काय करायचं? म्हणून म्हटलं, एकदा काही न बिघडवता जाऊन बघू. काम नसताना." तो थांबला. श्वास घेतला. "मला बोलता येत नाही. घड्याळाशी बोलावं लागत नाही ना, म्हणून सवय गेली. पण तू दुकानात असतेस तेव्हा… मला कळतच नाही दिवस कुठे गेला. आणि तू नसतेस तेव्हा प्रत्येक ठोका ऐकू येतो. भिंतभर. सगळ्यांचा. वेड लागेल असं."

तिने कठडा घट्ट धरला.

"तू जा," तो घाईने पुढे म्हणाला, जणू मधे थांबला तर पुन्हा जमणार नाही. "मी अडवायला नाही आलो. आजोबांना सोडून मला येता येणार नाही, आणि तू माझ्यासाठी थांब असं म्हणायचा मला काय हक्क? पण दर रविवारी गाडी असते. मी बघून आलोय. पहाटे निघाली की दुपारी तिथे. मी येईन. दर रविवारी. तुला वेळ नसेल तर स्टेशनवर चहा घेईन आणि परत जाईन. तुला चालत असेल तर… चालेल ना? नक्की ना?"

"दोनदा विचारतोस बघ," ती म्हणाली. आवाज जरा ओला झाला होता.

"सवय आहे."

"मी जात नाहीये."

त्याला कळायला वेळ लागला. "म्हणजे… आज?"

"आज नाही, उद्या नाही. इथलंच काम घेतलंय मी. नवी सेवा सांभाळायचं. कायमचं."

"कधी ठरलं?"

"मघाशी. तू यायच्या आधी."

"आधी?" त्याने वॉचमनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग मला एवढं सगळं बोलू कशाला दिलंस?"

"इतकं छान बोलत होतास… मधे तोडणार कशी?"

तो धपकन खालच्या पायरीवर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि खांदे हलायला लागले. हसत होता. ती उरलेल्या दोन पायऱ्या उतरली आणि त्याच्याशेजारी बसली. खांद्याला खांदा लागला. तिने हळूच त्याच्या कपाळावरचं भिंग काढलं आणि त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. हात खिशावरून लगेच निघाला नाही. खाली काहीतरी जोरजोरात चालत होतं.

"मलाही," ती म्हणाली.

"काय?"

"तू म्हणालास ते सगळं. मलाही तसंच होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. वॉचमनने मोठ्या समजूतदारपणे रजिस्टर मिटलं आणि बाहेर ऊन बघायला निघून गेला.

"आणि ते रविवारचं मात्र रद्द करू नकोस," ती म्हणाली.

"पण तू तर इथेच आहेस."

"म्हणूनच. घरी ये. रविवारी मावशी घरी असते."

त्याचा चेहरा एकदम उतरला. "मावशी? त्या… कडक आहेत?"

"फार. तुझा वास तर केव्हापासून ओळखते ती. आता माणूस बघायचाय म्हणते."

त्याने शर्टाची कॉलर नीट केली, जसा काही रविवार आत्ताच समोर येऊन बसला होता. "बरं," तो म्हणाला. "येतो. किती वाजता येऊ?"

ती जरा त्याच्याकडे कलली.

"लवकर ये," ती म्हणाली.